गाडीवर हात बसला, पण नजरेचे काय?

जून उजाडला की महाराष्ट्रातल्या अनेक घरांत एक बेत ठरलेला असतो. बारावीचा निकाल लागलेला असतो, कॉलेज घरापासून आठ-दहा किलोमीटरवर असते, एसटीची वेळ तासिकांशी जुळत नाही आणि मग दारात स्कूटर येते. सोसायटीच्या आवारात किंवा गावाबाहेरच्या मैदानात दोन-तीन संध्याकाळी सराव होतो. वडील, मामा किंवा शेजारचा दादा मागून धावत 'रेस हळू दे', 'समोर बघ' असे ओरडत असतो. चौथ्या दिवशी घरात जाहीर होते, की पोराचा, पोरीचा गाडीवर हात बसला. शिकाऊ परवाना आधीच काढलेला असतो. महिनाभराने आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढून दाखवला, की पक्के लायसन्सही मिळते.

इथवर जे शिकून झाले, ते गाडी सांभाळणे. गर्दीच्या चौकात, पावसात, अंधारात, डंपर आणि रिक्षांच्या मधून ती सुखरूप नेणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते शिकवायला कोणीच नसते. मुले ते एकटीच शिकतात, चुका करत करत. त्यातल्या काही चुका पहिल्या आणि शेवटच्या ठरतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरच्यांचा वाटा ४४.५ टक्के होता. १८ वर्षांखालील मृतांची संख्या ९,५०० च्या वर होती. अर्थात यात वाहन चालवणाऱ्यांबरोबर पायी चालणारी आणि मागे बसलेली मुलेही आली. महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजारांहून अधिक मृत्यू झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरात ५ ते २९ वर्षे वयोगटात मृत्यूचे पहिले कारण रस्ते अपघात हेच आहे. या वयाच्या मुलाला ताप आला तर डेंग्यू, मलेरियाची तपासणी होते. त्याच्या हाती गाडीची किल्ली देताना मात्र काहीच तपासले जात नाही.

मृत्यूचे आकडे छापून येतात, वाचलेल्यांचे हाल छापून येत नाहीत. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री येणाऱ्या तरुण दुचाकीस्वारांच्या जखमा ठरावीक असतात. मांडीचे किंवा नडगीचे हाड मोडलेले असते. गाडीवरून उडून खांद्यावर आपटल्यावर मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला जातो आणि हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा तुटतो. वरून फारशी जखम दिसत नाही, पण हात कायमचा लुळा पडू शकतो. अठराव्या वर्षी उजवा हात गेला, तर मुलाचे पुढचे शिक्षण आणि नोकरीच बदलून जाते. डोक्याला मार लागलेल्यांची गोष्ट आणखी अवघड असते. मुलगा शुद्धीवर येतो, चालू-बोलू लागतो, पण पूर्वीचा राहत नाही. चटकन चिडतो, लक्ष लागत नाही, केलेले लक्षात राहत नाही. शाळा सुटते आणि घरातले एक माणूस कायमचे त्याच्या मागे अडकते.

नवखा का धडपडतो?

'पोरे बेफाम चालवतात' हे नेहमीचे उत्तर. ते पूर्ण खोटे नाही, पण अपुरे आहे. नवख्या चालकाच्या अपघातामागे दोन वेगवेगळी कारणे असतात. एक अनुभव नसणे आणि दुसरे वय. दोन्हींवरचे उपायही वेगळे आहेत.

आधी अनुभवाचे पाहू. नवखे आणि सरावलेले चालक गाडी चालवताना नेमके कुठे पाहतात, याचा अभ्यास डोळ्यांच्या हालचाली टिपणारी उपकरणे लावून अनेकदा झाला आहे. नवख्याची नजर गाडीच्या पुढच्या थोड्याशा रस्त्यावर खिळलेली असते. सरावलेला माणूस दूरवर पाहतो, डावी-उजवीकडे नजर फिरवतो, आरशात पाहतो आणि परत पुढे येतो. नवख्याचा दोष नसतो. क्लच, गिअर, तोल, इंडिकेटर यांतच त्याचे सारे लक्ष खर्च होते. रस्त्यासाठी फारसे उरत नाही.

आपल्या रस्त्यांवर याचा अर्थ काय होतो? थांब्यावर एसटी उभी असली, की तिच्या पुढून एखादा प्रवासी रस्ता ओलांडायला बाहेर येणार, हे जुन्या चालकाला न दिसताच कळते. उभ्या रिक्षाचे पुढचे चाक वळलेले दिसले, की ती आता रस्त्यावर येणार हे त्याने ताडलेले असते. उसाच्या हंगामात रात्री पुढे काळोखाचा गोळा दिसला, तर ती मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली असू शकते. डंपरच्या डाव्या कुशीत शिरलेला दुचाकीस्वार डंपरवाल्याला दिसतच नाही. पहिल्या पावसात महिनोन्‌महिने साचलेली धूळ आणि तेल मिळून रस्ता निसरडा होतो. वळणावर वाळू सांडलेली असते. या सगळ्याला 'धोका आधी ओळखणे' म्हणतात. हे मैदानावर शिकता येत नाही आणि नशिबाच्या भरवशावर शिकायला वर्षे लागतात.

आता वय. मेंदूच्या पुढच्या भागात आवर घालण्याचे, परिणाम तोलण्याचे काम चालते. हा भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत राहतो. मजा, थरार आणि मित्रांची वाहवा यांना प्रतिसाद देणारी यंत्रणा मात्र किशोरवयात आधीच जोरात असते. म्हणून एकटा असताना नीट चालवणारा मुलगा मागे मित्र बसला की वेगळे चालवतो. मोटार चालवणाऱ्या किशोरांच्या अभ्यासांत समवयस्क मित्र गाडीत असले की जीवघेण्या अपघाताचा धोका वाढतो, असे पुन्हा पुन्हा दिसले आहे. मेंदूचा जो भाग अजून पक्का व्हायचा असतो, अपघातात अनेकदा त्यालाच मार बसतो.

आणखी एक गोष्ट घरोघरी दुर्लक्षित राहते. ती म्हणजे झोप. किशोरवयात शरीराचे घड्याळ पुढे सरकते. रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी जाग येत नाही. अशा मुलाला पहाटे सहाच्या क्लासला स्कूटरवर पाठवले, की तो अर्धवट झोपेत रस्त्यावर असतो. त्यात उशीर झालेला असेल, तर वेगही आलाच.

वेगाचे गणित सोपे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तरी ब्रेक लागण्याआधीच २५ मीटर अंतर कापलेले असते. वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते. तीन सेकंद मोबाइलकडे पाहिले तर ५० मीटर डोळे मिटून चालवल्यासारखेच.

परीक्षा कशाची घेतली जाते?

मोटार वाहन कायद्यानुसार गिअरची दुचाकी किंवा मोटार चालवायला १८ वर्षे पूर्ण लागतात. १६ व्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालवण्याचा परवाना मिळू शकतो; पण आज दुकानांत दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटर १०० ते १२५ सीसीच्या आहेत. सोळा वर्षांच्या मुलाला कायद्याने उघडलेल्या दारातून आत नेणारी गाडी बाजारात जवळजवळ नाहीच. त्यामुळे या वयाची मुले जी स्कूटर चालवताना दिसतात, ती बहुधा बेकायदाच असते. दुसरीकडे, २५० वॉटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच वेग असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरला परवाना लागत नाही. तिच्यावर तेरा-चौदा वर्षांची मुले बिनधास्त दिसतात. गाडीत फेरफार करून वेग वाढवला, की ती या सवलतीत बसत नाही, हे अनेक पालकांना माहीतही नसते.

शिकाऊ परवान्याची परीक्षा संगणकावर होते. चिन्हे आणि नियम यांवरचे प्रश्न असतात आणि ६० टक्के उत्तरे बरोबर आली की माणूस उत्तीर्ण होतो. आधारच्या मदतीने ही परीक्षा आता घरबसल्या देता येते. त्यात उमेदवाराशेजारी बसून उत्तरे सांगणाऱ्यांवर नजर ठेवणे किती कठीण असेल, हे सांगायला नको. त्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. या ३० दिवसांत किती तास सराव केला, कुठे केला, रात्री किंवा पावसात एकदा तरी केला का, हे कोणी विचारत नाही. दुचाकीची चाचणी काही मिनिटांची. पाय न टेकवता आठ काढला की झाले.

या व्यवस्थेतली एक विसंगती फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. शिकाऊ परवाना असेपर्यंत दुचाकीवर मागे शिकवणाऱ्याखेरीज कोणाला बसवता येत नाही. पक्के लायसन्स हाती आले, की त्याच संध्याकाळी तोच मुलगा मित्राला मागे घेऊन, रात्री बारा वाजता, महामार्गावर कायदेशीर जाऊ शकतो. त्याचे कौशल्य एका दिवसात वाढलेले नसते, बंधने मात्र एका दिवसात गळून पडलेली असतात.

बहुतेक मोटार ड्रायव्हिंग स्कूल चारचाकीच शिकवतात. २०२१ मध्ये केंद्राने अधिकृत चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आणले. त्यांत हलक्या मोटार वाहनासाठी २९ तासांचा अभ्यासक्रम आहे, ८ तास वर्गात आणि २१ तास प्रत्यक्ष. हे पाऊल चांगलेच आहे. पण देशात सर्वाधिक जीव जातात ते दुचाकीवर आणि तीच घरच्या घरी, ऐकीव माहितीवर शिकली जाते.

या ऐकीव शिकवणीचा एक नमुना पाहा. 'पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर पडशील' हे वाक्य न ऐकलेला मराठी दुचाकीस्वार विरळा. प्रत्यक्षात ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर येते, त्याची रस्त्यावरची पकड वाढते आणि गाडी थांबवण्याचे मोठे काम तेच चाक करते. हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकदम आणि पुढचा हळूहळू दाबत नेणे, ही योग्य पद्धत. वळताना, वाळूवर किंवा चिखलात पुढचा ब्रेक करकचून दाबला तर मात्र घसरगुंडी ठरलेली. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाकांना एकत्र ब्रेक लावणारी यंत्रणा आणि त्यावरच्यांना चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली, ती याच कारणाने. पण यंत्रणा आली, तरी अचानक थांबण्याचा सराव एकदाही न केलेला मुलगा ऐनवेळी फक्त मागचाच ब्रेक दाबतो आणि गाडी आडवी होते.

व्याख्यानांनी भागत नाही

रस्ता सुरक्षा सप्ताहात शाळा-कॉलेजांत व्याख्याने होतात, अपघातांची भीषण छायाचित्रे दाखवली जातात, शपथ घेतली जाते. हेतू चांगला असतो. पण चालक प्रशिक्षणाच्या संशोधनाचा इतिहास इथे थोडा कडू आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात डीकाल्ब काउंटीत १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे १६ हजार विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून प्रशिक्षणाचा मोठा प्रयोग झाला. विस्तृत प्रशिक्षण मिळालेल्या गटाला झालेला फायदा लहान होता आणि काही महिन्यांतच ओसरला. शाळेतल्या प्रशिक्षणामुळे मुले लवकर परवाना काढतात आणि लवकर रस्त्यावर येतात, असाही निष्कर्ष पुढच्या आढाव्यांत निघाला.

नॉर्वेतले उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. तिथे निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे प्रशिक्षण सक्तीचे झाल्यावर तरुण पुरुषांचे तशा रस्त्यांवरचे अपघात घटण्याऐवजी वाढलेले आढळले. 'घसरली तरी मला सावरता येते' हा विश्वास कौशल्यापेक्षा वेगाने वाढला होता. सुट्टीच्या दिवशी 'थरारक रायडिंग' शिकवणाऱ्या शिबिरांना मुलांना पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मग प्रशिक्षण निरुपयोगी आहे का? नाही. चार भिंतींतले तास आणि मैदानातल्या करामती यांचा उपयोग थोडा. खऱ्या रस्त्यावर, जाणत्या माणसाच्या सोबतीने, सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या सरावाचा उपयोग मोठा. स्वीडनने १९९३ मध्ये परवान्याचे वय १८ च ठेवले, पण मोठ्या माणसाच्या सोबतीने मोटारीचा सराव १६ व्या वर्षापासून करण्याची मुभा दिली. ज्यांनी ती वापरली, त्यांचा सराव सरासरी ११८ तासांच्या आसपास गेला. पूर्वी तो ५० तासांच्याही आत असे. परवाना मिळाल्यानंतरचा त्यांचा अपघाताचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. अशी मुभा वापरणारी कुटुंबे मुळातच काळजी घेणारी असतील, हे गृहीत धरले तरी फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २१ वर्षांखालच्या शिकाऊ चालकाला १२० तास सोबतीने चालवल्याची नोंद दाखवावी लागते; त्यातले काही तास रात्रीचे असावे लागतात.

दुसरा उपाय टप्प्याटप्प्याच्या परवान्याचा. न्यूझीलंडने १९८७ मध्ये तो आणला. शिकाऊ आणि पूर्ण परवान्याच्या मध्ये एक मर्यादित परवाना असतो. त्यात रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने गाडी चालवायची नाही आणि सोबत जाणता चालक नसेल तर प्रवासी घ्यायचे नाहीत. पुढे अमेरिकेतल्या राज्यांनी आणि ऑस्ट्रेलियानेही ही पद्धत घेतली. किशोर चालकांचे अपघात कमी करणाऱ्या उपायांत तिचा पुरावा सर्वांत भक्कम मानला जातो.

तिसरा धडा ब्रिटनचा. तिथे नोव्हेंबर २००२ पासून परवान्याच्या लेखी परीक्षेला धोका ओळखण्याची चाचणी जोडलेली आहे. उमेदवाराला रस्त्याच्या १४ चित्रफिती दाखवतात आणि धोका आकार घेताना दिसताक्षणी त्याला बटण दाबावे लागते. नियम पाठ असणे आणि रस्ता वाचता येणे यांतला फरक या परीक्षेत लगेच उघडा पडतो. दुचाकीसाठी ब्रिटनमध्ये १९९० पासून सक्तीचे प्राथमिक प्रशिक्षण आहे. आधी बंद मैदानात आणि मग किमान दोन तास खऱ्या रस्त्यावर. प्रशिक्षक दुसऱ्या दुचाकीवरून मागे असतो आणि हेल्मेटमधल्या रेडिओवरून सूचना देतो. दुचाकी शिकवताना मोटारीसारखे शेजारी बसता येत नाही, ही अडचण तिथे अशी सोडवली आहे.

'कायदा कडक करा' एवढेच पुरेसे नाही

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगर इथे अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप असलेल्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. जामिनासाठी अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली तेव्हा राज्यभर संताप उसळला, आणि तो रास्तच होता. पण त्या साऱ्या चर्चेत शिक्षेविषयी जेवढे बोलले गेले, तेवढे शिक्षणाविषयी बोलले गेले नाही.

शिक्षेची तरतूद कायद्यात आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. ही तरतूद ठामपणे वापरलीच पाहिजे. मात्र तिने सतरा वर्षांच्या मुलाला रोखले, तरी तो अठराचा झाल्यावर जो नवखा चालक रस्त्यावर येतो, त्याला ती काही शिकवत नाही. वय वाढवून अनुभव येत नाही. अठराव्या वर्षी पहिल्यांदा रस्त्यावर आलेलाही नवखाच असतो.

स्वीडनसारखे आपल्याकडेही १६ व्या वर्षापासून शिकू द्यावे, असे मग कोणी म्हणेल. पण तिथली सोय मोटारीची होती. शेजारी बसलेला मोठा माणूस वेळेला हस्तक्षेप करू शकत होता. दुचाकीवर तशी सोय नाही आणि चालवणाऱ्याभोवती पत्र्याचे कवचही नाही. म्हणून दुचाकीचे वय खाली आणू नये. ग्रामीण भागातल्या मुलांची निकड खरी आहे. तिचे उत्तर वेळेवर येणारी एसटी आणि सायकलीला जागा ठेवणारे रस्ते हे आहे. कॉलेजच्या वेळेला बस मिळाली, तर अनेक घरांत स्कूटरची खरेदी दोन वर्षे पुढे ढकलता येईल.

काय करता येईल?

सरकारच्या पातळीवर तीन गोष्टी लगेच हाती घेण्यासारख्या आहेत. पहिली, दुचाकीच्या पक्क्या परवान्याआधी किमान एका दिवसाचे सक्तीचे प्रशिक्षण. त्यात अचानक थांबणे, वळणे, मागे माणूस बसल्यावर बदलणारा तोल आणि प्रशिक्षकाच्या नजरेखाली खऱ्या रस्त्यावरची फेरी असावी. त्यासाठी नवे आलिशान केंद्र उभारण्याची वाट पाहायला नको. आयटीआय, तंत्रनिकेतने आणि पोलिसांची मैदाने रविवारी मोकळी असतात. खर्च परवडत नाही असे म्हणणाऱ्यांनी सरकारी रुग्णालयात डोक्याच्या एका दुखापतीवर अतिदक्षता विभागात होणारा खर्च आणि त्यानंतर घराची होणारी धूळधाण डोळ्यांपुढे आणावी. दुसरी, शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत आपल्याच रस्त्यांच्या चित्रफिती वापरून धोका ओळखण्याची चाचणी आणावी. ती घरून न देता केंद्रावरच द्यावी. तिसरी, पक्क्या परवान्यानंतरचे पहिले वर्ष मर्यादित असावे. रात्री १० नंतर चालवायचे नाही आणि समवयस्काला मागे बसवायचे नाही. नव्या चालकाच्या गाडीवर वेगळी पाटी असली, तर वाहतूक पोलिसाला आणि रस्त्यावरच्या इतरांनाही ते कळेल.

कायदा बदलेपर्यंत घराने थांबायचे कारण नाही. पालकांना हीच शिडी घरी लावता येते. मुलाला परवाना मिळाल्यावर पहिले दोन आठवडे फक्त ओळखीचा, कमी रहदारीचा रस्ता आणि दिवसाउजेडी. पालकाने दुसऱ्या दुचाकीवरून मागे राहावे आणि परतल्यावर काय दिसले, काय चुकले ते शांतपणे बोलावे. त्यानंतर गर्दीचा चौक, मग पाऊस, मग संध्याकाळ आणि सर्वांत शेवटी महामार्ग. प्रत्येक फेरी वहीत लिहावी. पन्नास तास भरेपर्यंत मित्र मागे बसणार नाही, हे गाडी घेण्याआधीच ठरवावे. किल्ली दिल्यानंतर घातलेली अट टिकत नाही.

नजर तयार करण्याचे काम तर गाडी घेण्याच्या कितीतरी आधी सुरू करता येते. रिक्षात, बसमध्ये, वडिलांच्या मागे बसलेले असताना मुलाला विचारावे, की पुढे काय होऊ शकेल? तो ट्रक का हळू झाला? ती बाई रस्ता ओलांडेल का? जे दिसते ते तोंडाने बोलत जाणे ही चालक प्रशिक्षणात वापरली जाणारी साधी पद्धत आहे. तिला पैसे लागत नाहीत.

हेल्मेटबद्दल वेगळा वाद घालण्याची गरज नाही. अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. मात्र ते आयएसआय खुणेचे, डोक्याच्या मापाचे आणि पट्टा लावलेले असावे. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्या आपटीतच उडून जाते. मागे बसणाऱ्यालाही ते हवे. कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकाला ते लागू आहे.

शेवटी एक अप्रिय मुद्दा. मुलाचे प्रशिक्षण अठराव्या वर्षी सुरू होत नाही. स्कूटरवर पुढे उभे राहून शाळेत जाताना ते सुरू झालेले असते. वळसा वाचवायला उलट्या दिशेने घातलेली गाडी, लाल दिव्याला पोलिस नाही म्हणून पुढे काढलेले चाक, खांदा आणि कानाच्या मध्ये दाबलेला मोबाइल, हे सगळे त्याने दहा-बारा वर्षे रोज पाहिलेले असते. ते पाठ पुसायला एक दिवसाचे प्रशिक्षण पुरणार नाही. येत्या जूनमध्ये ज्या घरात नवी गाडी येणार आहे, तिथे आईवडिलांनी आजपासूनच आपली गाडी नियमाने चालवायला लागावे आणि मुलासाठी एक हेल्मेट व एक कोरी वही आधी घ्यावी. गाडी त्यानंतर.